लोखंडाचा जादूगार मरतो कसा?

टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायच्या भूमिका-खेळांबद्दलच्या या अंकातले सगळे प्रश्न एकाच गाठीभोवती फिरतात. लाकूड, लोखंड, दगड जोडून घडवलेलं पात्र मेल्यावरही जादू करत राहणारा लिच होऊ शकतं का? उत्तर खेळाप्रमाणे बदलतं, आणि एकाच खेळात आवृत्तीप्रमाणेही. त्यामुळे पत्रात आवृत्ती आवर्जून लिहा. टेबलावरची निम्मी भांडणं दोघांनी दोन वेगळी पुस्तकं वाचलेली असल्यामुळे होतात.

प्रश्न: आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्सची ३.५ आवृत्ती खेळतो. माझा वॉरफोर्ज्ड (युद्धासाठी घडवलेला यंत्रजीव) विझार्ड, म्हणजे मंत्रकार, ११व्या लेव्हलला आहे, जादूच्या वस्तू बनवायचं क्राफ्ट वन्ड्रस आयटम हे फीट (खास कसब) घेतलंय, फिलॅक्टरीसाठी, म्हणजे लिचचा आत्मा ठेवायच्या डबीसाठी, पैसे साठवतोय. खेळ चालवणारा डीएम म्हणतो, तू लिच होऊच शकत नाहीस. ही अडवणूक आहे की नियमच तसा आहे?

उत्तर: नियमच तसा आहे, आणि तो कुठे खोलवर दडलेला नाही. ३.५च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये लिच हे टेम्प्लेट आहे, म्हणजे आधीच्या पात्रावर चढवायचा थर. कोणत्याही टेम्प्लेटची पहिली ओळ सांगते की ते कोणावर चढतं. लिचच्या पहिल्या ओळीत ह्युमनॉइड हा टाइप, म्हणजे जीवाचा वर्ग, आहे. तुमचा वॉरफोर्ज्ड त्याच्या टाइपनुसार कन्स्ट्रक्ट, म्हणजे बनवलेला जीव, आहे. गाडी तिथेच थांबते.

बरेच खेळाडू इथे म्हणतात, ‘पण त्याला दोन हात, दोन पाय, एक डोकं आहे!’ असेल. ह्युमनॉइड हा शब्द ३.५मध्ये अंगकाठीबद्दल नाही, तो टाइपचा शिक्का आहे. ओगर या राक्षसालाही दोन हात, दोन पाय असतात, पण त्याचा टाइप जायंट. म्हणून तोही या दारातून आत जात नाही.

दुसरा युक्तिवाद जरा वजनदार आहे. वॉरफोर्ज्डला कन्स्ट्रक्टबरोबर ‘लिव्हिंग कन्स्ट्रक्ट’ हा उपप्रकार मिळालेला आहे, आणि तो साध्या गोलेमपेक्षा, म्हणजे जादूने चालणाऱ्या पुतळ्यापेक्षा, फार वेगळा. साध्या कन्स्ट्रक्टला कॉन्स्टिट्यूशन (काटकपणाचा गुण) नसतं, वॉरफोर्ज्डला असतं. साधा कन्स्ट्रक्ट ० हिट पॉइंटवर (अंगात उरलेला जीव मोजायचे गुण) मोडून पडतो आणि कुठल्याही स्पेलने, म्हणजे मंत्राने, परत येत नाही. वॉरफोर्ज्ड मरतो आणि त्याला रेझ डेडने परत आणता येतं. नेक्रोमन्सी, म्हणजे मृत्यूची जादू, साध्या कन्स्ट्रक्टला शिवत नाही, वॉरफोर्ज्डवर चालते. म्हणजे मरायला लागणारं सगळं त्याच्याकडे आहे. पण टेम्प्लेट ‘मरू शकतो का’ असं विचारतच नाही, टाइप विचारतं, आणि उपप्रकाराने टाइप बदलत नाही.

तरीही डीएमच्या टेबलावर ठेवावा असा एक मुद्दा तुमच्या हातात आहे. ते मॉन्स्टर मॅन्युअल २००३चं, वॉरफोर्ज्ड आले २००४च्या एबेरॉन कॅम्पेन सेटिंगमध्ये, एबेरॉन या कल्पित जगाच्या पुस्तकात. लिचची ओळ लिहिली गेली तेव्हा, मरू शकणारा आणि मंत्र शिकू शकणारा कन्स्ट्रक्ट खेळाडूच्या हातात येईल, हे त्या पुस्तकात कुठेच गृहीत धरलेलं नाही. त्यामुळे डीएमचा नकार नियमाला धरून आहे, पण नियम तुम्हाला अडवण्यासाठी लिहिलेला नाही. तडजोडीला जागा आहे ती एवढीच.

पैशांचं मात्र पुन्हा एकदा गणित करा. फिलॅक्टरीला १,२०,००० सोन्याची नाणी आणि ४,८०० अनुभवगुण (ज्यांनी लेव्हल वाढते ते) लागतात. ११व्या लेव्हलच्या पात्राकडे नियमपुस्तकाच्या हिशोबाने ६६,०००ची मालमत्ता असते, १३व्याला १,१०,०००ची, १४व्याला १,५०,०००ची. म्हणजे ११वी लेव्हल ही अट झाली. पैसा हातात खुळखुळेपर्यंत १४वी उजाडते. अनुभवगुणांचीही मेख आहे: वस्तू बनवताना स्वतःची लेव्हल घसरेल एवढे गुण खर्च करता येत नाहीत. ११वी लेव्हल ५५,०००ला सुरू होते, तेव्हा खात्यावर किमान ५९,८०० हवेत.

या आकड्यांत एक जुनी विसंगतीही आहे. नेहमीच्या सूत्राने अनुभवगुण म्हणजे मूळ किमतीचा पंचविसावा भाग आणि सामानाचा खर्च मूळ किमतीच्या निम्मा. ४,८००ला २५ने गुणलं की १,२०,००० येतात. म्हणजे ती मूळ किंमत आणि सामानाचा खर्च ६०,००० व्हायला हवा. पुस्तक मात्र १,२०,००० हाच बनवण्याचा खर्च सांगतं. आमच्या मते पुस्तकाचा आकडा पाळावा, कारण अमरत्व स्वस्त करण्यात कोणाचंच भलं नाही. दिवसांचा हिशोब १,००० नाण्यांना एक दिवस असा, म्हणजे १२० दिवस. तेवढे दिवस बाकीचे खेळाडू काय करणार, हे आधी ठरवा.

प्रश्न: एका मित्राने पळवाट सांगितली: आधी कन्स्ट्रक्टचा ह्युमनॉइड करायचा, मग लिच. हे चालतं?

उत्तर: कागदावर चालतं. सॅव्हेज स्पीशीज या २००३च्या पुस्तकात इन्कार्नेट कन्स्ट्रक्ट नावाचं टेम्प्लेट आहे. ते माणसासारख्या आकाराच्या कन्स्ट्रक्टला हाडामांसाचा जीव बनवतं आणि टाइप ह्युमनॉइड होतो. मग लिचची पहिली ओळ आडवी येत नाही.

पण पुस्तक ३.०चं आहे, ३.५चं नव्हे, आणि ते टेम्प्लेट लिहिताना डोळ्यांसमोर होते ते गोलेम. गोलेमने हाडामांसाचं होणं म्हणजे बरंच काही गमावणं, आणि त्या टेम्प्लेटचा सगळा तोल त्या गमावण्यावर उभा आहे. वॉरफोर्ज्डकडे गमवायला तेवढं नसतंच, म्हणून या पळवाटेला इतकी मागणी आहे. शिवाय असं केल्यावर तुमच्याकडे वॉरफोर्ज्ड लिच उरत नाही. उरतो तो पूर्वी वॉरफोर्ज्ड असलेल्या माणसाचा लिच. लोखंडी चेहऱ्याच्या कवटीसाठी एवढा खटाटोप करून लोखंडच सोडायचं असेल, तर डीएमकडे सरळ सूट मागितलेली बरी.

प्रश्न: मी डीएम आहे. माझ्या खेळाडूला ३.५मध्ये वॉरफोर्ज्ड लिच व्हायचंय आणि मी तयार आहे. ‘ह्युमनॉइड’च्या जागी ‘ह्युमनॉइड किंवा लिव्हिंग कन्स्ट्रक्ट’ एवढं लिहिलं की काम झालं ना?

उत्तर: दार उघडलं, पण आतल्या खोलीत सामान तसंच विस्कटलेलं आहे. टाइप कन्स्ट्रक्टवरून अनडेड (मेलेला, तरी वावरणारा) झाला की काही नियम आपोआप गळून पडतात, काही एकमेकांवर आदळतात. त्यातल्या पहिल्याच लढाईत टोचणाऱ्या गोष्टी आधी घेऊ.

बरं होणं. वॉरफोर्ज्डवर उपचाराचे स्पेल निम्म्याने चालतात आणि रिपेअर डॅमेजचे पूर्ण. अनडेड झाल्यावर क्युअरचे, म्हणजे उपचाराचे, स्पेल त्याला जखमी करतात आणि एरवी इजा करणारे इन्फ्लिक्टचे बरं करतात. रिपेअरचे स्पेल कन्स्ट्रक्टसाठी लिहिलेले असल्यामुळे नियमाने बंद पडतात. गटातल्या आर्टिफिसरचं, म्हणजे जादूच्या कारागिराचं, अर्धं काम एका रात्रीत संपतं. आम्ही इथे थोडी ढील देऊ: रिपेअर निम्म्याने चालू द्या. शरीर अजून स्क्रू आणि पट्ट्यांचंच आहे. हातोडीला त्यातलं काहीच कळू नये हे पटत नाही.

शून्याखालचा भाग. खेळाडूच्या लक्षात येत नाही आणि नंतर तोंड पडतं ते इथे. वॉरफोर्ज्ड -१ ते -९ हिट पॉइंटमध्ये निपचित पडतो, पण आणखी मार बसल्याशिवाय त्याची अवस्था खालावत नाही. कोणीतरी नंतर येऊन त्याला उचलायचं, एवढंच. अनडेड मात्र ०वर थेट नष्ट होतो. मग फिलॅक्टरीजवळ परतायला १ ते १० दिवस, एका दहा बाजूंच्या फाशाने ठरणारे. तळघराच्या मधोमध हे झालं तर खेळाडूला आठवडाभर, म्हणजे कदाचित तीन बैठका, नुसतं बघत बसावं लागतं. त्याला हे आधी सांगा.

हिट पॉइंट. अनडेडला कॉन्स्टिट्यूशन नसतं, पण सगळे हिट डाइस, म्हणजे हिट पॉइंट ठरवणारे फासे, १२ बाजूंचे होतात. ११व्या लेव्हलचा विझार्ड घ्या, कॉन्स्टिट्यूशन १६. पहिला डाय पूर्ण धरला तर ४, बाकी दहांचे सरासरी २५, वर प्रत्येक लेव्हलला ३ याप्रमाणे ३३, एकूण ६२. लिच झाल्यावर १२ आणि ६५, एकूण ७७. पंधरा गुणांचा फायदा. पण कॉन्स्टिट्यूशन २० असेल तर आधीचे ८४ होतात आणि लिच होणं सात गुणांनी महागात पडतं. वॉरफोर्ज्डला कॉन्स्टिट्यूशनवर +२ मिळतंच, त्यामुळे हा दुसरा हिशोब वाटतो तितका दुर्मीळ नाही.

एकाग्रता. गडबडीत मंत्र टिकवायची कॉन्सन्ट्रेशनची फेक आता कॉन्स्टिट्यूशनऐवजी करिश्म्यावर (व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावावर) जाते. वॉरफोर्ज्डचा करिश्मा वंशामुळे २ने कमी, लिचमुळे २ने जास्त, म्हणजे फिटंफाट. विझार्डने करिश्मा १०च ठेवलेला असणार. पूर्वी कॉन्स्टिट्यूशन १६चा +३ मिळत होता, आता शून्य. शत्रू अंगाशी आला की हे तीन गुण आठवतात.

उपप्रकार. लिव्हिंग कन्स्ट्रक्ट हा शब्द काढून टाका. तो ठेवला तर ‘अनडेडला क्रिटिकल हिट (जबर घाव) लागत नाही’ आणि ‘लिव्हिंग कन्स्ट्रक्टला लागतो’ ही दोन वाक्यं प्रत्येक बैठकीत भांडतील. अंगावरच्या पट्ट्यांचा +२ आर्मर बोनस आणि मंत्र फसण्याची ५ टक्के शक्यता तशीच राहू द्या. लाइट फॉर्टिफिकेशन, म्हणजे असा जबर घाव कधीकधी टाळणारं संरक्षण, आपोआप निरर्थक होतं. धातू तापवणारा हीट मेटल आणि गंज चढवणारा रस्टिंग ग्रास्प हे स्पेल मात्र चालू ठेवा. आत्मा डबीत गेला म्हणून लोखंडाला गंज चढायचा राहत नाही.

टर्न अनडेड. क्लेरिक, म्हणजे पुजारी, देवाच्या बळावर अनडेडला पळवून लावतो ते हे. लिचला त्यात +४ प्रतिकार मिळतो, म्हणून ११ हिट डाइसचा लिच १५चा समजून फेक होते. पण टर्निंगचा परिणाम सगळ्यात जवळच्या अनडेडवर आधी होतो आणि तो अनडेड कोणाच्या बाजूने लढतोय हे बघत नाही. आपल्याच क्लेरिकच्या शेजारी उभं राहायची सवय मोडावी लागेल.

आणि शेवटी ज्यावरून खरी कुरबुर होते ते. टेम्प्लेटची लेव्हल अॅडजस्टमेंट +४ आहे, म्हणजे ११व्या लेव्हलचा विझार्ड १५व्यासारखा मोजायचा. लिच नेहमी दुष्ट प्रवृत्तीचा असतो, हेही पुस्तकात आहे. गटात पॅलडिन (सत्प्रवृत्त धर्मयोद्धा) असेल तर फिलॅक्टरीचं बजेट करण्याआधी पॅलडिनच्या खेळाडूशी बोला.

प्रश्न: डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या फिफ्थ एडिशनमध्ये वॉरफोर्ज्ड ह्युमनॉइड आहेत असं ऐकलं. मग तिथे प्रश्नच मिटला?

उत्तर: प्रश्न मिटला नाही, त्याने जागा बदलली. २०१९च्या एबेरॉन: रायझिंग फ्रॉम द लास्ट वॉरमध्ये वॉरफोर्ज्ड खरोखर ह्युमनॉइड आहेत. पण २०१४च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये लिच हे टेम्प्लेटच नाही. तो एक तयार राक्षस आहे: चॅलेंज रेटिंग (अवघडपणाचा आकडा) २१, १३५ हिट पॉइंट, १८व्या लेव्हलचा मंत्रकार. कोण लिच होऊ शकतो याची ओळच नाही, म्हणून कोणाला मनाई नाही आणि कोणाला परवानगीही नाही. खेळाडूचं पात्र व्हॅम्पायर झालं तर काय करायचं याची छोटी चौकट त्या पुस्तकात आहे. लिचसाठी तशी नाही. सगळं डीएमवर.

वर्णनातून मात्र कृती निघते, आणि बनवलेल्या जीवाला ती कुठे अडखळवते ते बघण्यासारखं आहे. आधी गुपित मिळवायचं. ते सहसा दानवराज ऑर्कससारख्या शक्तीशी सौदा करून मिळतं. मग फिलॅक्टरी. मग विषाचं एक पेय, त्यात जाणीव असलेल्या एका जीवाचं रक्त, आणि त्या जीवाचा आत्मा फिलॅक्टरीला अर्पण. पेय घेतलं की विझार्ड मरतो, आत्मा फिलॅक्टरीत ओढला जातो आणि शरीर लिच म्हणून उठतं.

इथे वॉरफोर्ज्डचा खेळाडू विचारतो: मला विषाविरुद्ध प्रतिकार आहे, मग मी मरणार कसा? प्रश्न चांगला, उत्तर सोपं. वॉरफोर्ज्डला विषाच्या नुकसानीपासून रेझिस्टन्स (निम्मंच नुकसान) आहे आणि विषबाधेच्या सेव्हवर, म्हणजे बचावाच्या फेकीवर, अॅडव्हान्टेज (दोन फेकींतली चांगली). पेयाच्या वर्णनात नुकसानीचे फासे नाहीत, सेव्हही नाही, ते मारतंच. त्याला पिण्याची गरज नसते, याचा अर्थ पिता येत नाही असा नाही. तरीही टेबलावर दृश्य रंगवायचं तर पेयाऐवजी आम्ही असं करू: छातीतली तावदानं उघडून तेच मिश्रण आतल्या दोऱ्यांसारख्या तंतूंत ओतायचं आणि डोळ्यांतला उजेड विझेपर्यंत थांबायचं. नियमाला धक्का नाही, आणि घोटभर विष पिणाऱ्या लोखंडी तोंडापेक्षा हे चित्र जास्त पटतं.

खरा अडथळा त्यापुढचा आहे. लिचला फिलॅक्टरीला वेळोवेळी आत्मे खाऊ घालावे लागतात, आणि ते काम इम्प्रिझनमेंट या ९व्या पातळीच्या स्पेलमधून होतं; चोवीस तासांत अडकलेला जीव कायमचा नष्ट. ९व्या पातळीचा स्लॉट, म्हणजे तसा स्पेल टाकायची मुभा, विझार्डला १७व्या लेव्हलला मिळते. म्हणून खेळाडूला त्याआधी लिच होऊ देऊ नका; दिलं तर तो उपाशी लिच होईल आणि हळूहळू डेमीलिच (नुसती कवटी उरलेला लिच) व्हायच्या वाटेला लागेल.

नव्या पुस्तकावर खेळत असाल तर एक नोंद: २०२५च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये फिलॅक्टरीला ‘स्पिरिट जार’ म्हटलंय. १ ते १० दिवसांत परत येण्याचा हिशोब तोच.

ऑटोग्नोमबद्दलही विचारणा होते. स्पेलजॅमर या पुस्तकातला (२०२२) हा चिमुकला यंत्रजीव मात्र टाइपनेच कन्स्ट्रक्ट. त्याला क्युअर वूंड्स, हीलिंग वर्ड, त्यांची दोन ‘मास’ भावंडं आणि स्पेअर द डाइंग एवढे पाच स्पेल लागू होतात, कारण त्याच्या गुणधर्मात ती नावं लिहिलेली आहेत. लिच झाला की ही सवलत पाण्यात. ती कन्स्ट्रक्ट असल्याची अडचण दूर करते. २०१४च्या नियमांत क्युअर वूंड्स अनडेडवरही चालत नव्हता, त्याबद्दल ती काही बोलत नाही.

प्रश्न: पाथफाइंडर या दुसऱ्या भूमिका-खेळात काय?

उत्तर: पहिल्या आवृत्तीत दार बरंच रुंद आहे. लिचचं टेम्प्लेट तिथे कोणत्याही जिवंत जीवावर चढतं. ११व्या कास्टर लेव्हलची (मंत्रकार म्हणून पातळी) अट आणि १,२०,०००चा खर्च तसाच, अनुभवगुण मात्र नाहीत. मग प्रश्न फक्त ‘जिवंत’ शब्दाचा. अँड्रॉइड (माणसासारखे यंत्रजीव) टाइपने ह्युमनॉइड आहेत, म्हणून सरळ आत. वायरवुड (लाकडी यंत्रजीव) टाइपने कन्स्ट्रक्ट, म्हणून बाहेर.

अँड्रॉइडच्या बाबतीत नियमापेक्षा जास्त चटका लावणारी एक गोष्ट आहे. त्यांच्यात रिन्यूअल असतं: एक आत्मा शरीर सोडून जातो आणि त्याच शरीरात दुसरा नवा जन्म घेतो. लिच झालेला अँड्रॉइड ते शरीर अडवून बसतो. पुढे येणाऱ्याची जागा कायमची हडपलेली. असा खलनायक फुकट मिळत असताना तो वापरायचा राहून जाऊ नये.

दुसऱ्या आवृत्तीतला ऑटोमॅटन (गन्स अँड गिअर्स, २०२१) आणखी गमतीचा. त्या कल्पित जगातल्या जिस्टका साम्राज्याच्या कारागिरांनी माणसांचे आत्मे यंत्रदेहात बसवले, अशी त्यांची कथा. छातीतला कोअर त्यांना जीवनशक्ती देतो, म्हणून ते ०वर भंगारात जात नाहीत, इतरांसारखे मरणासन्न होतात. वस्तूत ठेवलेला आत्मा ही त्यांची सुरुवातच आहे. बुक ऑफ द डेडमध्ये (२०२२) लिचच्या डबीला ‘सोल केज’ म्हणतात. ऑटोमॅटनला लिच व्हायचं म्हणजे आत्मा एका डबीतून काढून दुसऱ्या डबीत ठेवायचा. फरक एवढाच की पहिली डबी अंगात होती, दुसरी अंगाबाहेर. आणि लिचची सगळी ताकद त्या ‘बाहेर’मध्ये आहे.

प्रश्न: फिलॅक्टरी स्वतःच्या छातीतच बसवली तर? वॉरफोर्ज्डच्या आत जागा भरपूर असते. चोरणार कोण?

उत्तर: चोरणार तो, जो तुम्हाला हरवेल. फिलॅक्टरीचा उपयोग शरीर हरल्यावर होतो, आणि तुम्ही ती नेमकी हरलेल्या शरीरात, जिंकलेल्या शत्रूच्या पायाशी ठेवताय.

३.५मध्ये नेहमीची पेटी म्हणजे धातूची बंद डबी, आत मंत्र लिहिलेल्या चर्मपत्राच्या पट्ट्या. हार्डनेस (प्रत्येक घावातून वजा होणारा कठीणपणा) २०, हिट पॉइंट ४०, एका झटक्यात फोडायला ब्रेक डीसी (फेकीत गाठायचा आकडा) ४०. आकडे दणकट आहेत, आणि त्यात एक बारीक शहाणपण लपलंय: अॅडमन्टाइन या अतिकठीण धातूचं शस्त्र २०पेक्षा कमी हार्डनेस दुर्लक्षित करतं. पेटीचा हार्डनेस बरोबर २० आहे, म्हणून अॅडमन्टाइनचाही तिच्यावर जोर चालत नाही. पण हे सगळं लढाईतल्या एका फेरीपुरतं. शत्रूच्या हाती पेटी आणि तिवईवर बसून घाव घालायला अख्खी दुपार असेल, तर ४० हिट पॉइंट किती टिकणार? छातीत ठेवायचीच असेल तर रिकामी, नकली ठेवा.

प्रश्न: फ्लेश गोलेम प्रेतांचाच तर बनतो. तो आधीच अनडेड नाही का?

उत्तर: नाही. ३.५च्या कृतीप्रमाणे त्याला किमान सहा वेगवेगळ्या माणसांची प्रेतं लागतात: चार हातापायांना चार, डोक्यासह धडाला एक, मेंदूला एक. प्रेत उठवणारा अॅनिमेट डेड हा स्पेलही कृतीत आहे. तरीही आत कोंडलेली शक्ती मेलेल्यांपैकी कोणाचीच नसते. ती पृथ्वीतत्त्वाच्या लोकातून आणलेली असते. म्हणून टाइप कन्स्ट्रक्ट, टर्न अनडेड बिनकामाचं, आणि विजेचा झटका दिला तर तो उलट बरा होतो. त्याला लिच करायचं म्हणाल तर त्याला मुळात बुद्धीचा गुणांकच नसतो. नवव्या पातळीचा अवेकन कन्स्ट्रक्ट हा स्पेल वापरून बुद्धी देता येते, पण मग तुमच्यासमोर पहिल्या प्रश्नातलाच टाइपचा अडसर उभा, तोही लिव्हिंग कन्स्ट्रक्टच्या सवलतींशिवाय.

प्रश्न: मेलेल्या वॉरफोर्ज्डवर अॅनिमेट डेड टाकला तर झॉम्बी उठतो?

उत्तर: फिफ्थ एडिशनच्या २०१४च्या शब्दांना धरलं तर हो: स्पेलला मध्यम किंवा लहान ह्युमनॉइडचं प्रेत चालतं, आणि २०१९चा वॉरफोर्ज्ड ह्युमनॉइड आहे. स्केलेटन मात्र नाही, त्यासाठी हाडांचा ढीग लागतो. ३.५मध्ये दोन्ही नाहीत. खऱ्या हाडांचा जीव हवा. घाईत असलेल्या डीएमसाठी: शंका आली तर स्पेलचं लक्ष्य काय लिहिलंय तेवढंच वाचा, वर्णनाचा परिच्छेद नंतर.

प्रश्न: वॉरफोर्ज्ड लिच खलनायक म्हणून आणायचा आहे. पण वॉरफोर्ज्ड म्हातारे होत नाहीत. मग त्याला लिच व्हावंसं का वाटेल?

उत्तर: मरण टाळायला माणसं लिच होतात. वॉरफोर्ज्डच्या वयाची मर्यादा कोणाला ठाऊक नाही. झिजल्याची खूणही अजून दिसलेली नाही. तेव्हा ‘अमर व्हायचंय’ हे कारण त्याच्या तोंडी शोभत नाही. त्याला लिचपणातून काय नवं मिळतं ते बघा, कारण तिथेच सापडेल.

पहिलं, मन. ३.५चा वॉरफोर्ज्ड मनावर परिणाम करणाऱ्या स्पेलना बळी पडतो. लिच पडत नाही. युद्धासाठी हाऊस कॅनिथ या कारागीर घराण्याने घडवलेला, आयुष्यभर हुकूम झेललेला सैनिक. त्याला यापुढे कोणीही, कधीही हुकूम देऊ शकणार नाही. एबेरॉनच्या कालगणनेतल्या ९९६ सालच्या थ्रोनहोल्डच्या तहाने वॉरफोर्ज्डना कागदावर स्वातंत्र्य दिलं, पण कागदाने मनाचा ताबा घेणारा डॉमिनेट मॉन्स्टर अडत नाही.

दुसरं, आत्मा. एबेरॉनमध्ये वॉरफोर्ज्डला आत्मा आहे की नाही यावर लोक वाद घालतात. फिलॅक्टरी हा त्याचा पुरावा. डबी भरली तर आत्मा होता. त्याने ती बनवली ती जगण्यासाठी नाही, बघण्यासाठी. असा खलनायक संवादात उभा राहतो.

आता खेळवायचा कसा. तो नष्ट झाल्यावर नवं शरीर येतं. ते कशाचं? हाडांचं आलं तर सगळी मजा गेली, आणि हवेतून लोखंड आलं तर खेळाडूंना पकडायला धागा उरत नाही. आमची सूचना: फिलॅक्टरीपासून ५ फुटांच्या आत एक रिकामा सांगाडा तयार असावाच लागतो, नसेल तर दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. मग त्याला लाकूड, पोलाद आणि निष्णात कारागीर लागतात, त्यांची खरेदी होते, मालाच्या गाड्या कुठेतरी जातात. खेळाडूंनी त्याला पहिल्यांदा मारल्यावर तीन दिवसांनी तो परत येतो, तेव्हा त्याचा डावा हात वेगळ्या लाकडाचा असू द्या. टेबलावरचं कोणीतरी विचारेल, हे लाकूड कुठे मिळतं?